धूरडब्यातला हिरवा फडका

शटर खाली आलं तेव्हा आत चौघंजण होती, आणि त्यांतल्या दोघांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

बाहेरून कुलूप फिरल्याचा आवाज आला. मग सरपंच सोमारीबाईंचा.

"रशिदाबी, राग मानू नको. पुलावरचं पाणी उतरलं का उद्या सकाळी पोलीस येतीन. तोवर जाहिद इथीच राह्यला पायजे. लोक तापून आहेत. कुलूप त्याच्या भल्यासाठी आहे."

"बकरीले बी असंच सांगून बांधतात," रशिदा आतून म्हणाली.

"तुले बाहेर यायचं असन तर ये."

"गॅरेज माझं, पोरगा माझा. मी कुठी जाऊ? कोंडायचंच तर आम्हाले दोघाइले कोंडा."

हे बोलून झाल्यावर तिला मागच्या बाकावरचे दोन पाहुणे आठवले. चंद्रपूरचे. त्यांच्या स्कूटरची क्लच वायर तुटली होती, आणि धानोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे नाले भरल्यामुळे काल संध्याकाळपासून ते गावातच अडकले होते. चहा पीत बसलेले असतानाच शटर पडलं होतं.

"तुम्ही काऊन नाई गेले बाहेर?" रशिदाने विचारलं.

"आम्हाले कोणी विचारलंच नाई, बाई," त्यांतला सडपातळ माणूस म्हणाला. त्याचं नाव इसरू सिडाम. अकरा वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासून तो कंटाळला आणि चंद्रपुरात स्वतःची खासगी तपासाची खोली उघडून बसला. बोलणं कमी, डोळे सारखे कामात.

दुसरे दादाजी बोरकुटे, निवृत्त पोस्टमास्तर. इसरूच्या प्रत्येक कामात ते सोबत असत आणि सगळं वहीत लिहून घेत. लिहिलेल्यातून त्यांना आजवर काही उमगलं नव्हतं, पण अक्षर मोत्यासारखं होतं.

रशिदाने इसरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साठी उलटलेली, दोन इयत्ता शिकलेली बाई. पण नवरा गेल्यावर वीस वर्षं तिने हे गॅरेज चालवलं होतं, आणि माणूस कामाचा की नुसता दाखवायचा, हे तिला स्कूटर उभी करण्याच्या पद्धतीवरून कळायचं.

"तपास करता म्हणे तुम्ही."

"करतो."

"मंग बसल्या बसल्या करा. तसे बी इथून हलू शकत नाई."

दादाजींनी वही उघडली.

गोष्ट परवाची. दसरू हा गावातला जीपवाला. त्याची नवी डिझेल जीप धानोरा ते गडचिरोली सवाऱ्या न्यायची, आणि ती त्याचा पुतण्या दिनेश चालवायचा. परवा चारच्या सुमारास शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, दसरूला साप चावला. दिनेशने त्याला त्याच्याच जीपमध्ये घातलं, सोबत दसरूची मुलगी दिव्या. गडचिरोलीचा दवाखाना चाळीस किलोमीटर. चौदा किलोमीटरवर, भर जंगलात, जीप बंद पडली. दोन तास तिथेच गेले. दुरुस्त होऊन ती दवाखान्याच्या फाटकात पोचली तेव्हा दसरू गेलेला होता.

बिघाड काय निघाला? सायलेन्सरच्या पाइपात अडकलेला एक फडका. आणि त्याच दिवशी सकाळी तो पाइप जाहिदने उघडून साफ केला होता.

"फडका आहे कुठी?" इसरूने विचारलं.

काल दिनेशने तो लोकांसमोर रशिदाच्या पायाशी फेकला होता. आपली वस्तू वाटेत पडू द्यायची तिची रीत नव्हती, म्हणून तिने तो उचलून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. तिने पिशवी पुढे केली.

ओढणीचा वीतभर तुकडा. एका कडेला फाटलेला. काजळीचे आणि ग्रीसचे पट्टे, पण त्यांच्यामधून हिरवा रंग आणि पिवळी बुट्टी स्वच्छ दिसत होती. इसरूने नाकाशी धरला.

"घासलेट."

"आम्ही घासलेटनंच साफ करतो," जाहिद कोपऱ्यातून बोलला. शटर पडल्यापासून त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. तीस वर्षांचा धिप्पाड गडी, पण दोन दिवसांत खांदे उतरले होते.

"ओढणी तुमची?" इसरूने रशिदाला विचारलं.

"माझीच. दहा वर्षं हीच ओढून बाजारात गेली मी. सुती आहे. अख्ख्या धानोऱ्याले माहीत आहे. नाई म्हणून कसं चालन?"

"जाहिद, काम कसं करतोस ते सांग. सावकाश."

जाहिदने सांगितलं. आजकालच्या नव्या जीपमध्ये इंजिनाच्या मागे, पाइपाला जोडून एक डबा येतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. इंजिनाचा घाण धूर त्या जाळीतून जाताना साफ होतो. गॅरेजमध्ये त्याला धूरडबा म्हणत. कच्च्या रस्त्यावर, मिळेल त्या डिझेलवर गाडी चालली की जाळीच्या तोंडाशी काजळी चढते, गाडीचा दम कमी होतो. मग डबा काढायचा, काजळी झटकायची, घासलेट आणि ब्रशने धुवायचं, हवा मारून वाळवायचं.

"आन् डबा काढला का इंजिनाकडचं पाइपाचं तोंड उघडं पडते. त्यात खडा, खिळा जाऊ नये म्हणून फडक्याचा बोळा घालतो. अब्बाचा नियम होता, बोळ्याले लांब शेपटी ठेवायची आन् तिचं टोक स्टिअरिंगले बांधायचं. म्हणजे फडका आत असताना कोणी गाडी हलवू शकत नाई."

"मंग परवा काय झालं?"

जाहिदने मान खाली घातली. "शेपटी मीच सोडली. बोळा घट्ट होता, हिसका मारून ओढला. शेपटी हातात आली, चुलीत टाकली. टोकाचा तुकडा फाटून आतच राह्यला असन. पाहा लागत होतं मले. नाई पाह्यलं."

"राह्यला असन, का राह्यला?"

"आठवत नाई, भाऊ. पण फडका निघाला ना. मंग राह्यलाच असन."

रशिदा गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचं कारण फक्त तिलाच ठाऊक होतं. त्या सकाळी चांगलं कापड वाचवायचं म्हणून तिनेच ती विरलेली ओढणी फाडून जाहिदला दिली होती. हात लावला तरी फाटेल असं कापड. दोन दिवस ती लोकांशी भांडत होती, पण आतून तिला वाटत होतं की पोराकडून झालं, आणि आपल्या चिकटपणामुळे झालं.

"गाडी न्यायले कोण आलं?" इसरू विचारत होता.

"दसरूकाका आन् दिनेश. काका म्हणत होता, नीट साफ कर, सोमवारपासून दुसऱ्याच्या हाती द्यायची आहे गाडी. मंग दिनेशनं काच पुसली आन् घेऊन गेले."

"काच कशानं पुसली?"

"पडले असतात इथी तुकडे."

इसरूने मान हलवली. दादाजींनी लिहिलं: काच पुसली.

गॅरेजच्या बाजूच्या भिंतीला गज लावलेली एक खिडकी होती. सोमारीबाई तिच्या बाहेरच बाज टाकून बसल्या होत्या. त्यांच्यामागे पन्नासेक माणसं, काही झाडाखाली, काही रस्त्यावर. मधूनच एखादा शटरवर दगड मारायचा आणि आतला पत्रा गुरगुरायचा. इसरू खिडकीशी गेला.

"सरपंचबाई, मी तपासवाला माणूस आहे. जीपमध्ये होते त्याइच्याशी इथूनच बोलू द्या. उद्या पोलिसाइले बी सोपं जाईन."

सोमारीबाईंनी विचार केला. मग माणूस पाठवला.

दिव्या आली. वीस-बावीस वर्षांची, डोळे कोरडे. गजांना हात लावून उभी राहिली, पण जाहिदकडे पाहिलं नाही.

"बेटा, निघाल्यापासून सांग," इसरू म्हणाला.

"बाबाले उचलून मागं ठेवलं. दिनेशदादानं बोनट उघडलं, पाणी पाहतो म्हणे. मी ओरडली, लवकर कर. दोन मिनटात निघालो."

"गाडी कशी चालत होती?"

"उडत होती. दादा जोरात हाणत होता. चढावर बी गेअर बदलला नाई त्यानं."

"आन् बंद पडली ती चढावर?"

"नाई, चढ संपला होता. उतारावर. तीन-चार गचके दिले आन् एकदम गप."

"मंग?"

"दादा म्हणाला, फाट्यावरच्या गॅरेजातून बशीरभाईले घेऊन येतो. जाताना सांगून गेला, बाबाले हलवू नको, हलवलं का जहर चढते. मागून एक फटफटीवाला आला होता. तो म्हणे, मधात बसवून नेऊ. मी नाई म्हटलं." ती थांबली. "दादानं सांगितलं होतं ना."

खिडकीबाहेर कोणीतरी सुस्कारा टाकला. रशिदा जाहिदकडे पाहत होती. त्याने तोंड ओंजळीत लपवलं होतं, आणि दिव्याचा पुढचा शब्द न् शब्द रशिदाच्या कानावरून नुसता वाहून गेला.

"बशीरभाई दोन घंट्यांनी आला. तो गाडीखाली घुसला. दादा समोर बोनटपाशी उभा राहून अंगठ्यानं काहीतरी दाबून राह्यला होता, टुचुक टुचुक. लय वेळ. मी म्हटलं, हे काय करून राह्यला, तर म्हणे पाहू दे. मंग तो बी खाली घुसला आन् फडका घेऊन निघाला. गाडी सुरू झाली."

"एका झटक्यात?"

"हो."

ती वळली. जाताना तिने एकदा आत पाहिलं. "जाहिदभाई, तुझ्या हातानं बाबाची गाडी कधीच बंद पडली नव्हती," ती म्हणाली. ती दूषण देत होती की नुसतं सांगत होती, ते रशिदाला कळलं नाही. लागलं मात्र खोल.

बशीर आपणहून आला. त्याचं फाट्यावर गॅरेज होतं आणि रशिदाशी जुनं वैर; काल दिनेशसोबत आलेला, तोही पुरामुळे गावातच अडकला होता. आज त्याचा दिवस होता.

"सलाम, रशिदाआपा. तब्येत कशी?"

"बंद खोलीत बरी असते. उघड्यावर तुझं तोंड पाहा लागते."

"तोंडाले मी बी काय करू? पण हात पाहा माझा. जे तुमच्या पोरानं ठेवलं ते मी काढलं."

"तुम्ही काढला फडका?" इसरूने मधेच विचारलं.

"मंग काय."

"स्वतःच्या हातानं?"

बशीर क्षणभर अडखळला. "म्हणजे नट मी सैल केले. जोड उघडला मी."

"आन् फडका?"

"बशीर," रशिदा म्हणाली, "तुझा बाप माझ्या नवऱ्याच्या हाताखाली पाना धराले शिकला. त्याच्या कबरीची तरी लाज धर."

बशीरने मान खाजवली. "फडका दिनेशच्या हातात पाह्यला मी. माझी नजर नटावर होती. तो बाजूले आडवा झाला होता, म्हणे हे पाहा भाई काय आहे."

"पाइप गरम होता?"

"कुठून? दोन घंटे झाले होते. उघड्या हातानं धरला मी."

"आन् तुम्हीच बिघाड पाइपात आहे म्हणून खाली घुसले?"

"नाई. दिनेशच म्हणे, सकाळी धूरडबा उघडला होता, तिथंच पाहा पहिले."

बशीर गेल्यावर दादाजी उत्साहाने पुढे सरकले. "इसरू, हाच आहे. धंद्यातलं वैर. फडका यानंच सोबत आणला."

"आन् गाडी यानं कशी बंद पाडली, दादाजी? पाच किलोमीटर दूर बसून फुंकर मारून?"

दादाजींनी वहीत काहीतरी खोडलं.

दिनेश शेवटी आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. बाहेरच्या लोकांनी त्याला वाट करून दिली. एका म्हाताऱ्याने पाठीवर हात ठेवला.

"काय विचारायचं ते विचारा. काका तर येत नाई आता."

"फडका ओढताना घट्ट होता?"

"गच्च बसला होता. जोर लावा लागला."

"निघताना बोनट काऊन उघडलं?"

"पाणी पाहाले. लांब जायचं होतं."

"गाडी आता कोण पाहीन?"

"मीच. दिव्या लहान आहे. काकाची इच्छा बी तेच होती." त्याने आत पाहिलं, थेट जाहिदकडे. "मी तुले फाशी मागत नाई, जाहिद. कबूल कर आन् मोकळा हो."

जाहिद उठला. खिडकीपर्यंत आला. "करतो," तो म्हणाला. "उद्या पोलीस आले का लिहून देतो."

"बस खाली," रशिदा म्हणाली.

"काय फरक पडते, अम्मी? इथी कुलूप, तिथी कुलूप. दसरूकाका माझ्या हातानं गेला. मले झोप लागत नाई. लिहून देतो, सही करतो, होऊन जाऊ दे."

चार भिंतींत ग्रीसचा, घासलेटचा आणि कोंडलेल्या माणसांचा वास साचला होता. सही करण्याच्या गोष्टी करणारा पोरगा, आणि त्याला नाही म्हणायला रशिदाजवळ एकही खरं कारण नव्हतं.

इसरू मात्र पिशवीतल्या फडक्याकडे पाहत होता.

"सरपंचबाई," तो गजांतून म्हणाला, "एका घंट्यासाठी शटर उघडा. दसरूभाऊची जीप इथी आणा. सगळ्याइच्या समोर एक गोष्ट करून दाखवतो. खोटा निघालो तर मले बी आत कोंडून ठेवा. तसा आहोच."

शटर वर गेलं तेव्हा उजेड डोळ्यांत टोचला. जीप समोर उभी केली होती. लोक गोल करून जवळ आले.

इसरूने रशिदाकडे त्याच ओढणीचा उरलेला भाग मागितला. वीतभर तुकडा फाडला, घासलेटमध्ये बुडवला, पिळला.

"जाहिद, जोड उघड. फडका निघाला म्हणतात तिथंच हा घाल. बशीरभाई, तुम्ही नजर ठेवा, बरोबर जागा आहे का ते."

बशीरने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. नट आवळले गेले.

"दिनेश, चालव. नाल्यापर्यंत जायचं, परत यायचं. दोन फेऱ्या. परवा चौदा किलोमीटर पळाली होती, आज आठच."

दिनेशचे हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते. "गाडी बंद पडन."

"पडली तर जाहिद गुन्हेगार. तुले काय भेव?"

इसरू शेजारी बसला, दिव्या आणि सोमारीबाई मागे. जीप निघाली. रशिदा उंबऱ्याशी उभी राहिली. जाहिद तिच्याजवळ, पण हातभर अंतर ठेवून. नाल्याच्या दिशेने आवाज लहान होत गेला, मग मोठा. जीप आली, वळली, पुन्हा गेली. कुठे थांबली नाही.

दुसऱ्यांदा परतल्यावर इसरूने बशीरला पाना दिला. पाइप आता असा तापला होता की बशीरने दोन्ही हातांना पोती गुंडाळली. जोड सुटला. त्याने आत सळई घातली, फिरवली आणि खालच्या पाटीत झटकली.

काळ्या पापुद्र्यांचा चिमूटभर चुरा पडला. बोट लावल्याबरोबर त्याची राख झाली.

इसरूने पिशवीतला फडका काढून त्या पाटीशेजारी ठेवला. हिरवा रंग, पिवळी बुट्टी.

"इंजिनातून निघालेला धूर पाइपात तव्यापेक्षा गरम असतो," तो म्हणाला. "आठ किलोमीटरमध्ये कापडाची राख झाली. मंग चौदा किलोमीटर हाणलेल्या गाडीत ह्या फडक्याची बुट्टी कशी राह्यली? घासलेटचा वास कसा राह्यला? हा फडका चालत्या गाडीत कधीच नव्हता. गाडी थंड झाल्यावर तो दाखवला गेला."



"मंग गाडी बंद काऊन पडली? धुराची वाट तुंबली तर गाडी पहिले चढावर धापा टाकते, दम सोडते. दिव्या म्हणते, चढावर उडत होती. उतारावर तीन-चार गचके दिले आन् गप झाली. बशीरभाई, असं कवा होते?"

बशीर हळूच म्हणाला, "डिझेलमध्ये हवा घुसली का."

"आन् हवा काढाले काय करा लागते?"

"फिल्टरवरचा छोटा पंप दाबा लागते. अंगठ्यानं."

"टुचुक टुचुक," इसरू म्हणाला.

दिव्याचा हात तोंडावर गेला.

रशिदाने डोळे मिटले. वीस वर्षं रोज ऐकलेला आवाज. त्या पोरीने खिडकीत उभं राहून तो काढून दाखवला होता, आणि ती मात्र तेव्हा मुलाच्या तोंडाकडे पाहत होती.

"निघताना पाणी पाहतो म्हणून बोनट उघडलं, तवाच दिनेशनं डिझेलच्या नळीचा नट थोडा सैल केला. तिथून डिझेल सांडत नाई, हवा ओढली जाते. बरंचसं अंतर गाडी चालते, मंग बंद. मंग तो चालत गेला, घाई नव्हती. जाण्याआधी सांगून गेला, हलवू नको. नाईतर दसरूभाऊ फटफटीवर बसून दवाखान्यात पोचला असता. बशीरभाईले आणलं ते साक्षीसाठी. ते खाली असताना यानं वर नट आवळला, पंप दाबून हवा काढली. गाडी तवाच दुरुस्त झाली होती. मंग खाली घुसला आन् खिशातला फडका काढून दाखवला. सकाळी इथी काच पुसली त्यानं, तोच तुकडा खिशात राह्यला होता."

"पण काऊन?" सोमारीबाईंनी विचारलं. "त्याचा काका होता."

"सोमवारपासून गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार होती. दसरूभाऊनं जाहिदसमोर सांगितलं होतं, दिनेश बाजूलेच उभा होता. आज तोच मले म्हणाला, गाडी मी चालवावी हे काकाची इच्छा होती."

सगळे दिनेशकडे वळले. तो अजून स्टिअरिंगमागेच बसलेला होता. उतरायचं म्हटलं तरी चारी बाजूंनी माणसं होती.

"सात वर्षं," तो समोरच्या काचेकडे पाहत म्हणाला. "सात वर्षं मी चालवली. पहिली जुनी होती, मंग ही. काका सगळ्या स्टँडवर म्हणे, हा दारू पिऊन चालवते, याले काढतो. एकदाच प्यायलो होतो. साप चावला तवा मले वाटलं…" तो थांबला. "मले वाटलं अर्धा घंटा उशीर होऊ दे. भेव बसू दे. माझ्याबिगर दवाखाना दिसत नाई, हे कळू दे."

"दोन घंटे होते ते," दिव्या म्हणाली.

"हो."

"माझ्या मांडीवर होता. पाणी मागत होता. मी दिलं नाई, कोणी म्हणे पाणी देऊ नये."

सोमारीबाईंनी हात पुढे केला आणि दिनेशने जीपची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. चार माणसं त्याला ग्रामपंचायतीच्या खोलीकडे घेऊन गेली. मघाशी त्याच्या पाठीवर हात ठेवणारा म्हातारा बाजूला सरकून उभा राहिला.

दादाजी वहीची पानं उलटत होते. "टुचुक टुचुक. लिहिलं होतं मी. इथंच आहे, बारा नंबरवर."

"अक्षर छान आहे," इसरू म्हणाला.

लोक हळूहळू पांगले. बशीर जाता जाता थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. रशिदाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने ते मिटून घेतलं आणि जाहिदच्या खांद्यावर थाप मारून गेला.

जीप तशीच उघडी उभी होती, पाइप सुटलेला. दिव्या तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबाची गाडी आहे," ती जाहिदला म्हणाली. "अशी ठेवू नको. पाइप बसवून दे."

जाहिद आईकडे वळला.

"अम्मी, तुले काय वाटत होतं? मीच केलं असं?"

रशिदाजवळ दहा उत्तरं तयार होती. दोन दिवस ती शटरपलीकडच्या सगळ्या धानोऱ्याला तीच देत आली होती.

"हो," ती म्हणाली. "दोन दिवस. कापड मीच विरलेलं दिलं होतं. मले वाटलं, आपण दोघांनी मिळून मारलं त्याले."

जाहिदने पडलेलं पोतं उचललं. "मले बी असंच वाटत होतं," तो म्हणाला. "तू बोलली असती तर दोघं मिळून तरी रडलो असतो."

तो खाली वाकला, पोतं अंथरलं आणि जीपखाली सरकला. पाइप अजून गरम होता, म्हणून तो थांबून राहिला. रशिदा बाजूला जमिनीवर बसली. तिनेही काही घाई केली नाही.